मंजूषा रिसबूड नर्सिंगला जातात

दुसऱ्याच्या वेदना पाहून कळवळणं आणि त्या दूर करायला धावून जाणं ही माणसाच्या मनातली सर्वांत जुनी आणि सर्वांत उदात्त प्रेरणा होय. ती कधी जागी होईल याचा मात्र नेम नसतो. मंजूषा विवेक रिसबूड यांच्या मनात ती आल्मेरेला, मैत्रीण स्वप्नालीच्या धाकट्याच्या वाढदिवसाला, हातात पावभाजीची डिश असताना जागी झाली. कुणालाही वेदना होत नव्हत्या. स्वप्नालीने सगळ्यांदेखत, पाव वाढता वाढता, एवढंच विचारलं होतं, "मग काय मंजूषा, हल्ली करतेस काय?"

नवऱ्याच्या व्हिसावर नेदरलँड्सला आलेल्या बायकांमध्ये हा प्रश्न हसत हसत विचारतात आणि घाम फुटेपर्यंत उत्तराची वाट बघतात. त्या खोलीत एक जण बिनअंड्याचे केक करून विकत होती, एक डच लोकांना प्राणायाम शिकवत होती आणि खुद्द स्वप्नाली एका कंपनीत स्क्रम मास्टर होती. स्क्रम मास्टर नेमकं काय करतो हे तिच्या नवऱ्यालाही सांगता येत नसे, पण ते ऐकायला चांगलं वाटे. मंजूषाचं ठरलेलं उत्तर होतं, "सध्या डच शिकतेय." पहिली दोन-तीन वर्षं ते भारदस्त वाटलं. मग ते ऐकून लोक समजूतदारपणे मान हलवायला लागले. गेल्या वर्षी एकीने तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. त्या हाताची आठवण झाली, आणि मंजूषा तोंडातला घास गिळायच्या आत बोलून गेली, "नर्सिंगला जातेय."

नर्सिंगच का, हे तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. येताना स्टेशनावर एका हसऱ्या नर्सचं पोस्टर लागलेलं होतं आणि त्याखाली 'आम्ही तुमची वाट पाहत आहोत' असं डचमध्ये लिहिलं होतं. त्या जागी ट्रेन ड्रायव्हरचं पोस्टर असतं, तर ही कथा रुळांवरून गेली असती.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. मंजूषाला रक्त बघवत नसे. बघवत नसे म्हणजे, ते दिसलं की ती आडवी होई. बारावीला बेडूक समोर आला तेव्हा पाठीवर पडलेल्या दोघांपैकी एक तो होता. त्यानंतर तिने वनस्पतिशास्त्र घेतलं आणि थेट एम.एस्सी. केली, कारण झाडांना रक्त नसतं. आर्याच्या जन्माच्या वेळी तिने जे डोळे मिटले ते सगळं आवरून खोली पुसून झाल्यावर उघडले. अशी बाई नर्सिंगला जातेय हे आल्मेरेतल्या हॉलमध्ये जाहीर झालं, टाळ्या पडल्या, आणि मंजूषाने लालभडक भाजीची डिश हळूच खाली ठेवली.

नीउ-व्हेनेपला घरी परतताना विवेक गाडी चालवत होता.

"तू मला सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"मलाच आत्ता कळलं."

"मम," मागच्या सीटवरून सोळा वर्षांची आर्या म्हणाली, "बाबाने शेव्ह करताना चिन कट केली, तेव्हा यू फेंटेड. इट वॉज लाइक, वन ड्रॉप."

"तेव्हा मी उपाशी होते."

"यू वेअर ईटिंग."

मंजूषाने फोन उघडला. मैत्रिणींच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आलेला होता. फुलं, हृदयं, आणि इंजेक्शनची चित्रं. त्या चित्रातल्या सुईच्या टोकाशी कुणा हौशी चित्रकाराने लाल थेंबही काढला होता. तिने फोन उपडा ठेवला आणि काच खाली केली.

"घाबरू नकोस," विवेक म्हणाला, "आपण हे नीट प्लॅन करून करू."

या वाक्याने ती खरी घाबरली. विवेक एका बँकेच्या आयटी विभागात प्रकल्प हाकत असे. स्वयंपाकघरातला नळ बदलायचा होता तेव्हाही त्याने हेच वाक्य उच्चारलं होतं आणि नंतर घरात चार दिवस पाणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजच्या दारावर रंगीत चिठ्ठ्यांचे तीन रकाने उगवले: 'करायचं', 'चाललंय' आणि 'झालं'. 'झालं'च्या रकान्यात पुढे कितीतरी आठवडे एकच चिठ्ठी होती, आर्याने लावलेली. तिच्यावर लिहिलं होतं, 'सगळ्यांना सांगून टाकलं.'

पहिला प्रश्न कॉलेज निवडण्याचा. इथे नर्स व्हायच्या वाटा दोन. एक पदवीची. दुसरी व्यवसाय शिक्षणाच्या साध्या कॉलेजातली, जिथे शाळा संपवून आलेली सोळा-सतरा वर्षांची पोरं जातात आणि शिकतानाच वॉर्डात राबतात. तसं एक कॉलेज मंजूषाच्या घरापासून बसने जाण्यासारखं होतं. भीती वाटणाऱ्या माणसाला घराजवळची गोष्ट बरी वाटते, म्हणून तिने ते निवडलं. स्वप्नालीचा फोन आला.

"अगं, तिथे? तू एम.एस्सी. ना? मग खालच्या कॉलेजात कशाला? डिग्रीच कर. आमची भाची हिमानी ग्रोनिंगनच्या युनिव्हर्सिटीत आहे, तिला विचारते. तिथे सगळं इंग्लिशमधून असतं."

"नर्सिंग पण?"

"असेलच."

नव्हतं. ग्रोनिंगनमध्ये जगातला वाटेल तो विषय इंग्रजीतून शिकता येत होता, पण तिथले पेशंट अजून डचमधूनच आजारी पडत होते. शिवाय नीउ-व्हेनेपहून ग्रोनिंगनला रोज जाऊन-येऊन शिकायचं तर शिकणं ट्रेनमध्येच उरकावं लागलं असतं. स्वप्नालीला हे पटलं, पण तिने शेवटचं ठेवून दिलंच. "बघ बाई. सतरा वर्षांच्या पोरींबरोबर बेडपॅन धुशील तू? आमचं आपलं काळजीपोटी." मंजूषाने फोन ठेवला आणि बेडपॅन हा शब्द 'करायचं'च्या रकान्याकडे बघत मनातल्या मनात बराच वेळ म्हटला. आजवर रक्ताचीच भीती होती. आता खातं वाढलं.

खरं सांगायचं तर तिची सगळी भिस्त नाकारलं जाण्यावर होती. अर्ज करायचा, मुलाखतीला जायचं, त्यांनी नम्रपणे नाही म्हणायचं आणि आपण ग्रुपवर लिहायचं, 'प्रयत्न केला, जागाच कमी होत्या.' यात अब्रू राहत होती आणि रक्त टळत होतं. जानेवारीत तिने अर्ज भरला तो याच शुद्ध हेतूने. आणि सुरुवातही आशादायक झाली, कारण तिची जुनी प्रमाणपत्रं तपासणाऱ्या कार्यालयातून एका तरुण माणसाचा फोन आला.

"मेव्राउ रिसबूड," त्याने डच पद्धतीने 'बाई' म्हणून मान देत विचारलं, "हे एम.एस्सी.चं प्रमाणपत्र कुणाचं आहे?"

"माझं."

"यावर दाबके उल्का अरुण असं नाव आहे. म्हणजे मेव्राउ अरुण."

"अरुण माझे वडील. दाबके आडनाव. आमच्याकडे आडनाव आधी लिहितात. कधी कधी."

"आणि उल्का?"

"ती मी. लग्नात नाव बदललं."

"आडनाव?"

"आडनावही. आणि मधलंही. आधी वडिलांचं होतं, मग नवऱ्याचं आलं. आणि पहिलंही."

पलीकडे कीबोर्डचा आवाज थांबला. "म्हणजे आधीच्यातलं काहीच शिल्लक नाही?"

प्रश्न निव्वळ कारकुनी होता. पण मंजूषाला तो उगाचच लागला. उल्का हे नाव बदलण्याचं कारण एवढंच, की उल्का घरावर पडते असं सासऱ्यांचं मत होतं. त्या काळी तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आज हा कोण कुठला पोरगा विचारत होता, तेव्हा प्रथमच वाटलं.

"हा बदल कुठे नोंदवलेला आहे?"

"तांदळात," मंजूषा म्हणाली. भीतीने माणूस खरं बोलतो. "म्हणजे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो."

डच माणूस कुठल्याही संस्कृतीचा आदर करतो, फक्त त्याला पुरावा लागतो. "त्या तांदळाचा एखादा फोटो आहे का?" त्याने विचारलं.

फोटो होता. पण त्यात विवेकचं कोपर नावावर आलं होतं. शेवटी पुण्याहून विवाहनोंदणीचा दाखला मागवला, त्यात तिची दोन्ही नावं सापडली, त्याचं शपथेवर भाषांतर झालं, आणि मार्चमध्ये पत्र आलं की प्रमाणपत्राचा दर्जा पुरेसा आहे. पत्रावर नाव होतं मेव्राउ अरुण. तिचे वडील जाऊन काही वर्षं झाली होती, पण डच टपालखात्यात त्यांची प्रकृती उत्तम होती. नाकारलं जाण्याची पहिली संधी अशी हुकली.

मधल्या काळात कॉलेजने घर उघडं ठेवण्याचा दिवस जाहीर केला, म्हणजे ज्यांना यायचंय त्यांनी यावं, बघावं, कॉफी प्यावी. विवेकने ती चिठ्ठी 'चाललंय'मध्ये सरकवली आणि स्वतः बरोबर आला. एका मोठ्या खोलीत हुबेहूब वॉर्ड उभा केला होता. पलंग, पडदे, पलंगांवर रबरी पेशंट, आणि पांढऱ्या अंगरख्यातल्या आर्याच्या वयाच्या पोरी. मंजूषा भिंतीच्या कडेकडेने चालत होती. रबरी पेशंटशी तिचं जमण्यासारखं होतं, ते शांत होते. तेवढ्यात एका मुलीने टेबलावरच्या रबरी हातात सुई घातली आणि नळीतून लालभडक काहीतरी सरसरत वर आलं.

तो रंगवलेला पाक होता. पण मंजूषाच्या गुडघ्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. ती जवळ जे होतं त्यावर बसली, आणि जवळ होता तो पलंग. बसली म्हणता म्हणता कलंडली. पोरींना वाटलं, सकाळपासून रबराला हात लावून कंटाळलो होतो, शेवटी एक खरी बाई स्वयंसेवक म्हणून आली. त्यांनी तिचे पाय उशीवर चढवले, दंडाला पट्टा गुंडाळला, रक्तदाब मोजला, तो इतका खाली भरला की दोघींनी पुन्हा मोजून बघितला. "किती छान करताय हो तुम्ही!" एक जण म्हणाली. जाताना त्यांनी तिला सफरचंद दिलं. विवेकने दारातून फोटो काढून ग्रुपवर टाकला. स्वप्नालीने लगेच लिहिलं, 'वॉव, प्रॅक्टिकल्स पण सुरू?'

यानंतर विवेकने प्रशिक्षणाची सूत्रं हाती घेतली. त्याच्या मते भीती ही एक तांत्रिक अडचण होती आणि ती टप्प्याटप्प्याने सोडवता येत होती. पहिला टप्पा, बिटाची कोशिंबीर. ती मंजूषाने न डगमगता खाल्ली. दुसरा टप्पा, मनगटावर केचप. आर्याने ते पोळीने पुसून खाल्लं. तिसरा टप्पा, गावातलं खाटकाचं दुकान. रिसबुडांच्या घरी अंडंही येत नसल्यामुळे त्या दुकानाचा दरवाजा कुठे आहे हेही मंजूषाला माहीत नव्हतं. ती समोरच्या फुटपाथवर उभी राहून काचेतून आत बघे, खाटकाने सुरी उचलली की घरी येई. तिसऱ्या खेपेला खाटीक स्वतः बाहेर आला. त्याच्या हातात काट्याला टोचलेला सॉसेजचा तुकडा होता.

"चाखून बघा. लाजू नका."

"मी शाकाहारी आहे."

"मग रोज इथे काय करता?"

"सराव," मंजूषा म्हणाली. खाटकाने तिच्याकडे बघितलं, मग आत गेला आणि काचेवरचा पडदा ओढून घेतला. नेदरलँड्समध्ये खिडकीचा पडदा ओढणं ही किती गंभीर गोष्ट आहे हे तिथे राहिलेल्यांनाच कळेल.

एका बाबतीत मात्र सराव बरा चालला होता, आणि तो म्हणजे शेजारच्या सीत्सेवर. ऐंशीच्या घरातला, आयुष्यभर बटाट्याची शेती केलेला, बायको गेल्यापासून एकटा राहणारा उंच म्हातारा. इथे सगळे एकमेकांना नावाने हाका मारतात, पण वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसतं सीत्से म्हणायला मंजूषाची जीभ रेटेना, म्हणून ती पहिल्यापासून सीत्सेकाका म्हणे. डचमध्ये तान्ह्या मुलांच्या लंगोटातल्या ऐवजाला साधारण 'काका'च म्हणतात, हे आर्याने तिला दोन वर्षांनी सांगितलं. तोवर म्हातारा ते निमूट ऐकून घेत होता. त्याने तिला आपला हात देऊ केला. "माझं काही बिघडलेलं नाही," तो म्हणाला, "तेव्हा तुझ्या हातून काही बिघडणार नाही." ती त्याचा रक्तदाब मोजे, त्याच्या धडधाकट मनगटाला बँडेज बांधे. एकदा तिने ते इतकं मन लावून बांधलं की त्याला कप धरता येईना आणि कॉफी तिला पाजावी लागली. तो म्हणाला, पाच वर्षांत मला कुणी कॉफी पाजली नव्हती. मग तिने दुसरा कप ओतला.

मार्च संपता संपता एका शनिवारी, विवेक आर्याला घेऊन हॉकीच्या सामन्याला गेलेला असताना, कुंपणापलीकडून यंत्राची घरघर आली, थांबली, आणि सीत्सेने डचमधला एक शब्द उच्चारला. तो शब्द मंजूषाच्या क्रमिक पुस्तकात नव्हता. तिने कुंपणावरून वाकून बघितलं. म्हातारा शिडीच्या दुसऱ्या पायरीवर बसला होता, झुडपांचं कुंपण कापायचं यंत्र गवतात पडलं होतं, आणि त्याच्या डाव्या तळव्यातून रक्त वाहत होतं. पाक नव्हे. केचप नव्हे.

मंजूषाच्या कानांत गुंई झालं. गुडघे सवयीप्रमाणे निघाले. पण त्याच वेळी तिला म्हाताऱ्याचा भयंकर राग आला, आणि रागावलेलं माणूस बेशुद्ध पडू शकत नाही, हा शोध तिला त्या क्षणी लागला. ती दोरीवरचा टॉवेल ओढून फाटकातून धावली.

"काय सांगितलं होतं मी? काय सांगितलं होतं? या वयात शिडीवर चढायचं नाही म्हणून! कुणी बघणार होतं का तुमचं कुंपण? हात वर करा. वर, वर, छातीच्या वर! आणि दाबून धरा!" हे सगळं मराठीत. सीत्सेला एक अक्षर कळलं नाही आणि त्याने सगळं बरोबर केलं.

तिने फॅमिली डॉक्टरांच्या तातडीच्या नंबरवर फोन लावला. इथे डॉक्टरांकडे जाण्याआधी फोनवरच्या बाईला आपण खरंच आजारी आहोत हे पटवावं लागतं, आणि ती बहुधा पॅरासिटामोल घ्यायला सांगते. त्या बाईने विचारलं, किती रक्त गेलं? मंजूषाने खाली बघितलं आणि सांगितलं. अगदी नीट, डचमध्ये, टॉवेल कितपत भिजलाय यासकट. "लगेच घेऊन या," बाई म्हणाली. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. गाडी हॉकीला गेलेली. म्हातारा चालायला उठला आणि खाली बसला. मंजूषाने चहूकडे बघितलं, आणि त्याची बटाट्यांच्या दिवसांतली एकचाकी ढकलगाडी तिच्या नजरेस पडली.

नीउ-व्हेनेपच्या लोकांना शनिवारी दुपारी फारसं काही बघायला मिळत नाही. त्या दिवशी मिळालं. कुर्ता घातलेली एक बाई ढकलगाडी रेटत चालली होती, गाडीत ऐंशी वर्षांचा बाप्या एक हात वर करून गुडघे छातीशी घेऊन बसला होता, आणि बाई त्याला एका अनोळखी भाषेत अखंड झापत होती. हात वर असल्यामुळे लोकांना वाटलं तो त्यांना हात करतोय. काहींनी परत हात केला.

दवाखान्यात डॉक्टरांनी टाके घातले. नर्सने मंजूषाला सांगितलं, "तुम्ही त्यांचा दुसरा हात धरा, आणि नको वाटलं तर खिडकीबाहेर बघा." मंजूषाने खिडकीकडे बघितलं. मग सीत्सेकडे बघितलं. तो छताकडे बघत होता आणि त्याच्या मोठ्या खरखरीत हाताने तिची बोटं आवळून धरली होती. तोही घाबरला होता. याला भीती वाटत असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग ती सुईकडे बघायला लागली, कारण कुणीतरी बघायला हवं होतं, आणि प्रत्येक टाका झाला की ती त्याला सांगू लागली, "झाला हा एक. आता दुसरा. झाला." शेवटचा टाका होईपर्यंत ती उभी होती. बाहेर येऊन रिकाम्या ढकलगाडीच्या दांड्या हातात घेतल्या, तेव्हा तिला कुर्त्याच्या बाहीवरचा डाग दिसला, आणि ती व्यवस्थित, कुणाला त्रास न देता, गाडीत आडवी झाली. सीत्से शेजारी उभा राहून जाणाऱ्या-येणाऱ्यांना सांगत होता, "काही नाही, ही माझी नर्स आहे."

हे वाक्य तिने अर्धवट शुद्धीत ऐकलं आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. कारण घरी येऊन चहा घेताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला आता हे खरंच हवंय. आजवर घेतील की काय ही भीती होती. आता घेतलं नाही तर काय, ही सुरू झाली, आणि ती आधीच्या भीतीपेक्षा फार वाईट निघाली. बेडकाला, बेडपॅनला निदान आकार होता.

मुलाखत एप्रिलच्या अखेरीस होती. आणि मराठी मध्यमवर्गीय घराला एक गोष्ट मनापासून येत असेल, तर ती म्हणजे प्रवेशासाठी झुरणं. विवेकने आधी तिथे जाऊन आलेल्यांना शोधून मागच्या तीन वर्षांचे प्रश्न मिळवले. स्वप्नालीने, तिच्या मनात खरंच काळजी होती हे कबूल करायला हवं, आल्मेरेत कुणाच्या तरी नणंदेच्या मुलीकडून 'हमखास विचारतात' असे प्रश्न आणले. "'तुमचे तीन दुर्गुण' विचारतात. त्यात गुणच सांगायचे, पण दुर्गुणासारखे. मी खूप मनाला लावून घेते, असं." 'मला नर्स का व्हायचं आहे' या विषयावर मंजूषाने डचमध्ये उत्तर लिहिलं, आर्याने ते सुधारलं, आणि मंजूषाने ते पाठ केलं. पोळ्या लाटताना ती ते म्हणे, सायकलवरून म्हणे, भाजीच्या दुकानात रांगेत उभी राहून पुटपुटे. पुढचे लोक वळून तिला जागा देत. रोज संध्याकाळी विवेक टाय लावून टेबलामागे बसे आणि मुलाखत घेई. तो इतके अवघड प्रश्न विचारी की एकदा ती रडली आणि तो म्हणाला, "स्ट्रेस हँडलिंग, दहापैकी चार."

"मम, यू साउंड लाइक अ ट्रेन अनाउन्समेंट," आर्या म्हणाली. मग थोड्या वेळाने तिने येऊन आईच्या केसांत नीट पिन लावून दिली, आणि त्याबद्दल कुठल्याही भाषेत काही बोलली नाही.

मुलाखतीच्या दिवशी मंजूषा इस्त्रीचा सलवार कमीज घालून, दही-साखर खाऊन, सगळी प्रमाणपत्रं आणि तांदळाचा फोटोही घेऊन कॉलेजात पोचली. विवेक बाहेर बाकावर बसला. तळहात इतके ओले होते की दाराची मूठ दोनदा निसटली. आत यानेके नावाची, साठीकडे झुकलेली, स्वेटर घातलेली बाई कॉफी ओतत होती.

"बिस्किट?"

या प्रश्नाची तयारी झालेली नव्हती. मंजूषाने नको म्हटलं आणि आपण गुण गमावले अशी तिची खात्री झाली. मग यानेकेने 'नर्स का व्हायचंय?' हा प्रश्न विचारला, आणि मंजूषाने उत्तर सुरू केलं. ती न अडखळता, श्वास न घेता, शेवटपर्यंत गेली. यानेकेने शांतपणे ऐकून घेतलं.

"छान पाठ केलंय," ती म्हणाली. "आणि भीती कशाची वाटते?"

मागच्या तीन वर्षांत हा प्रश्न आलेला नव्हता. मंजूषाने खिडकीकडे बघितलं. गुणासारखा दिसणारा एखादा दुर्गुण आठवायचा प्रयत्न केला. काही आठवेना. मग ती म्हणाली, "रक्ताची. मी पडते. तुमच्याकडे बघायला आले होते तेव्हाही पडले होते, तो अभिनय नव्हता. गेल्या महिन्यात शेजाऱ्यांचा हात कापला तेव्हा पडले नाही. पडले, पण नंतर. आणि सध्या सगळ्यात जास्त भीती तुम्ही नाही म्हणाल याची वाटतेय." आवाज शेवटी फुटला. दहापैकी दोन.

यानेकेने कप खाली ठेवला. "पडणार असं वाटलं तर आधी बसायचं. पेशंटच्या अंगावर पडायचं नाही. बाकी शिकवतो आम्ही." तिने संगणकात काहीतरी लिहिलं. "पायाचा नंबर काय तुमचा? वॉर्डातले बूट मागवायचेत."

मंजूषाने नंबर सांगितला. मग धीर करून विचारलं, "निकाल कधी लागेल?"

"कसला?"

"निवडीचा."

यानेकेला प्रश्न समजायला वेळ लागला. मग ती हसली नाही, हे तिचे उपकार. "निवड नसते. तुम्ही वेळेत अर्ज केला होता, शिक्षण पुरेसं आहे, म्हणजे जागा तुमची. कायदाच आहे तसा. आज फक्त ओळख करून घ्यायला बोलावलं होतं."

मंजूषा बाहेर आली तेव्हा विवेक बाकावरून ताडकन उठला. तिने होकारार्थी मान हलवली. त्याने तिथल्या तिथे, ओल्या डोळ्यांनी, फोन काढून ग्रुपवर टाकलं, आणि दोन मिनिटांत स्वप्नालीचा फोन आला.

"मिळाली? खरंच? अगं मला रडू येतंय! मी सगळ्यांना सांगते. किती जणांतून गं?"

जागा अठ्ठावीस होत्या. अर्ज आले होते एकोणीस.